पुंजाजी मिस्त्रींची तेविसावी पाटी

गॅसची ज्योत पातेल्याच्या बुडाबाहेर आली की मी हातातलं काम टाकून स्वयंपाकघरात धावते. सून म्हणते, "आई, एवढ्यातेवढ्यानं काय होतंय?" आता तिला काय कप्पाळ सांगू? ही खोड मला ज्यांनी लावली ते पुंजाजी मिस्त्री गेल्या वर्षी त्यांच्या गावी वारले. त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी दूध तापवत होते, आणि खरं सांगते, आधी बर्नर बारीक केला आणि मग रडले.

बेलापूरजवळच्या एका साखर कारखान्यात मी केमिस्ट होते. कारखान्याची स्वतःची शेती होती, आणि त्या शेतांतून ऊस आणायला अरुंद रुळांची स्वतःची छोटी रेल्वे. देशभर वाफेची इंजिनं मोडीत निघाली तरी आमच्याकडे एक शिल्लक होतं. कोळशावर चालणारं, बुटकं, काळंकुट्ट. त्याला काही नावबिव नव्हतं, सगळे 'तीन नंबर' म्हणायचे. एक नंबर आणि दोन नंबर कधीच भंगारात गेले होते. त्यांच्या जागी कारखान्यानं एक डिझेल इंजिन घेतलं होतं, पिवळं, चकचकीत.

मी नोकरीला लागून आठवडाही झाला नव्हता. प्रयोगशाळेच्या दारात एक उंच, किडकिडीत माणूस येऊन उभा राहिला. डोक्याला टोपी, अंगात निळा डगला, हातात पाण्याची बाटली.

"बाई, ह्या पान्यात काय काय हाय ते जरा सांगा."

"तुम्ही कोण?"

"तीन नंबर."

मला वाटलं, तीन नंबरच्या क्वार्टरमध्ये राहत असतील. मी म्हटलं, घरच्या पाण्याची तपासणी इथं होत नाही. मिस्त्रींनी माझ्याकडे अशी नजर टाकली की आपण काहीतरी अचाट बोललो हे मला कळून चुकलं. मग त्यांनी शांतपणे समजावलं, ते तीन नंबर इंजिनाचे ड्रायव्हर. बोअरच्या पाण्यात क्षार फार, बॉयलरच्या नळ्यांवर त्याचा थर चढतो, आणि मग आच पाण्यापर्यंत पोचतच नाही. "म्हंजी कोळसा जळतोय, पर पानी ऊन व्हत न्हाई. मग त्यो जातो कुठं? वर आभाळात!" असं म्हणून त्यांनी छताकडे बोट दाखवलं. चोर तिथंच लपून बसला असावा असा त्यांचा आविर्भाव.

त्या दिवसापासून रोज सकाळी बाटली यायची. मी पाणी तपासून किती सोडा घालायचा ते सांगायचे, आणि मिस्त्री तेवढाच घालायचे. एकदा मी तापानं घरी होते, तर बाटली घरी आली. आमच्या आईला वाटलं, औषध पाठवलंय. पाजणारच होती मला!

मिस्त्री पारनेर तालुक्यातले, कोरडवाहू गावचे. "आमच्याकडं पाव्हन्याला आधी अर्धाच तांब्या देत्यात, लागलं तर त्यानं मागून घ्यावं," असं अभिमानानं सांगायचे. त्यांचा सगळा स्वभाव त्या अर्ध्या तांब्यातून आला होता. काहीही फुकट गेलेलं बघवायचं नाही. दिवसा जळणारा दिवा, गळणारा नळ, भरलेल्या ताटावरून उठणारा माणूस, सगळ्यांवर सारखेच खेकसायचे. पण खरा राग धुरावर. "धूर म्हंजी जळायचा राहिलेला कोळसा," म्हणायचे. इंजिनाच्या धुरांड्यातून काळा धूर निघाला की फायरमनची खैर नसे. कोळसा ढिगानं टाकायचा नाही, फावड्याच्या टोकावर थोडा थोडा घेऊन पातळ पसरायचा, भाकरीवर पाणी फिरवतो तसा. फायरमन बिचारा म्हणायचा, "बाई, मी घरी बायकोचं ऐकत न्हाई तेवढं ह्यांचं ऐकतो."

माझ्या लग्नाला मिस्त्री नगरला आले होते. मांडवात कुठं दिसेनात. शोधाशोध केली तर आचाऱ्याच्या भट्टीपुढे उकिडवे बसलेले! लाकडं बारीक फोडून घेतली होती, भट्टीच्या तोंडाला विटा लावून हवेची वाट केली होती, आणि आचारी बाजूला हात बांधून लालबुंद होऊन उभा. धूर म्हणून नाही. लाकूड निम्मं वाचलं, हे आचाऱ्यानंही नंतर कबूल केलं. पण भातही तासभर आधी झाला. मुहूर्ताला अवकाश होता, वरून भटजी उशिरा आले, आणि माझ्या लग्नात दोन्हीकडच्या वऱ्हाडानं गारढोण भात खाल्ला. सासूबाईंनी तो भात मला पुढं वीस वर्षं ऐकवला. मिस्त्रींना मात्र त्याचं काही नाही. "भात गार झाला ती भटजीची चूक," म्हणाले.

तीन नंबरला कोणी 'जुनं इंजिन' म्हटलं की मात्र मिस्त्री गप्प बसत नसत. "जुनं न्हाई वो. अर्धवट सोडलेलं हाय." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्याकडे कुठल्या तरी रेल्वेच्या इंग्रजी मासिकाची चार पानं होती, घड्यांवर फाटलेली. दुपारच्या सुट्टीत ते माझ्याकडून ती वाचून घ्यायचे. त्यात लिहिलं होतं की दूर दक्षिणेकडच्या एका देशात एका इंजिनिअरनं वाफेच्या इंजिनात काही बदल केले आणि कोळसा पुष्कळ कमी लागला. मी एकेक वाक्य मराठीत सांगायचे, मिस्त्री डोळे मिटून ऐकायचे, आणि मध्येच "थांबा, परत सांगा" म्हणायचे.

नुसतं ऐकून थांबतील तर ते मिस्त्री कसले? ऊस नसलेल्या उन्हाळ्यांत, लागोपाठ तीन वर्षं, त्यांनी ते सगळं तीन नंबरवर करून बघितलं. कारखान्याच्या भंगारातूनच, बरं का. बॉयलरला जाड लोकरीसारखं अस्तर लावून वर पत्रा मारला, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. भट्टीत वरच्या बाजूनं हवा शिरायला भोकं पाडली, म्हणजे धूर आतल्या आत जळावा. धुरांड्यातला वाफेचा झोत बदलला. तिसऱ्या हंगामात तीन नंबर पूर्वीच्या जेमतेम दोनतृतीयांश कोळशात तेवढाच ऊस ओढू लागलं. धुरांडं असं स्वच्छ की नवीन माणसाला वाटायचं, इंजिन बंद आहे.

मी एकदा विचारलं, "मिस्त्री, पण डिझेल हुशार नाही का? तेवढ्याच उष्णतेत तिप्पट काम करतं."

"हुशार हाय की! पर त्याला खायला रोज बासुंदी लागती. आमचं ढ हाय, पर भाकरीवर भागतं. आता त्या ढ पोराला जरा शिकीवलं, निम्म्यापरेंत आनलं, तर सांगा कोन परवडंल?"

 पण पुढं मिस्त्री आपणहून कबूल करायचे, "तोटं हायेतच. पेटवायला तीन तास, राख काढायला येक तास, आनि दोन मानसं." लपवाछपवी त्यांना जमायचीच नाही.

मग आमच्याकडे सरनाईक साहेब जनरल मॅनेजर म्हणून आले. माणूस वाईट नव्हता, पण टापटिपीचा. आल्या आल्या त्यांनी ठरवलं की तीन नंबर भंगारात काढायचं आणि दुसरं डिझेल घ्यायचं. मिस्त्री साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि टोपी काढून म्हणाले, "साहेब, काढा. पर आधी मोजा. एक दिवस त्याचा, एक दिवस आमचा."

साहेबांना ते पटलं. अटी ठरल्या. तोच रूळ, तेवढ्याच सात खेपा, तेवढाच ऊस. पहिल्या दिवशी डिझेल, दुसऱ्या दिवशी तीन नंबर. जिंकलं तर तीन नंबर राहील, आणि मिस्त्रींना पुढच्या उन्हाळ्यात आणखी सुधारणा करायला परवानगी. हरलं तर भंगार. डिझेलला एकच माणूस लागतो, म्हणून फायरमनचा रोज तीन नंबरच्या खर्चात धरायचा, हे साहेबांनी घातलं. मिस्त्रींनी मान्य केलं. आणि त्यांनी स्वतःची एक अट घातली, "जे जळंल ते समदं मोजायचं. उभं ऱ्हाऊन जळू दे, न्हाईतर चालून. सबब चालनार न्हाई." कारण डिझेलचा ड्रायव्हर सुभाष जेवायला जाताना इंजिन तसंच धडधडत ठेवून जायचा.

मोजायला कोण? दोन्ही बाजूंचा एकमेकांवर विश्वास नाही. साहेबांनी माझं नाव सांगितलं. केमिस्ट म्हणजे निःपक्षपाती, असा त्यांचा समज!

डिझेलचा दिवस सरळ पार पडला. मी टाकीचं माप घेतलं, किंमत काढली, फायरमनचा रोज त्यातून वजा केला. उरलेल्या पैशांत कोळशाच्या बावीस पाट्या बसत होत्या. म्हणजे बावीसच्या आत तीन नंबरनं काम उरकायला हवं. मिस्त्री बोटांवर मोजून म्हणाले, "एकवीसात करतो."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या रुळांच्या कडेला ऊसतोड मजुरांच्या कोप्या होत्या. पाचटाच्या झोपड्या, पन्नास-साठ असतील. शेवगावकडून आलेली ही माणसं, बायका-पोरांसकट. पौषातली थंडी म्हणजे हाडं गोठवणारी, आणि जळण विकत घेणं परवडायचं नाही. मिस्त्री पहिल्या खेपेला तिथं इंजिन थांबवायचे. बायका हंडे, डबे, लोखंडी पिंप भरून ठेवायच्या आणि मिस्त्री वाफेची नळी त्यात सोडायचे. बुडबुड, बुडबुड, दोन मिनिटांत पाणी कढत. आधी ते बॉयलरमधलंच पाणी द्यायचे, पण त्यात माझा सोडा असायचा. पोरांच्या अंगाला चांगला नाही म्हणून मीच बंद करायला लावलं, तेव्हा त्यांनी ती नळी बसवली. कारखान्यात हे कोणाला विचारून केलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं चालत आलेलं होतं, बस्स. कोप्यांच्या अलीकडे बेलापूरचा रस्ता रुळांना छेदायचा. तिथं इंजिनाची शिट्टी झाली की बायका पोरांचे कपडे काढून त्यांना ओळीनं बसवायच्या. म्हणजे पाणी गार व्हायच्या आत अंघोळी.

तीन नंबरचा दिवस उजाडला. मी इंजिनात एका कोपऱ्यात वही घेऊन उभी. कोळशाची प्रत्येक पाटी माझ्यासमोर मोजून रिकामी व्हायची आणि मी एक रेघ मारायचे. मिस्त्रींची त्या दिवशीची तंद्री काय सांगू! एका हाताची बोटं बॉयलरच्या पत्र्यावर, कान चाकांकडे, नजर धुरांड्यावर. फायरमन तर श्वाससुद्धा हळू घेत होता.

बेलापूरचा रस्ता जवळ आला. मिस्त्रींचा हात शिट्टीच्या दोरीकडे गेला आणि थांबला. मला लगेच कळलं. त्यांनाही कळलं होतं. पण रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या होत्या. शिट्टी न देऊन भागणार नव्हतं. त्यांनी दोरी ओढली.

वळण घेतलं तर पोरं बसलेली. वीस-पंचवीस उघडी पोरं, कुडकुडत, दात वाजवत. आणि हंडे रोजच्या दुप्पट! कारण काल डिझेलचा दिवस होता, ते भोंगा वाजवत तसंच निघून गेलं होतं. काल कोणाच्याच अंघोळी झाल्या नव्हत्या.

मी म्हटलं, "मिस्त्री, आज नको. एकच दिवस. हात जोडते."

"पोरं उघडी करून बसवल्यात, बाई."

एवढंच बोलले आणि त्यांनी ब्रेक लावला. पुढचा अर्धा तास मी त्या इंजिनात उभी राहून नुसती चरफडत होते. वाफ हंड्यांत चाललीय, काटा खाली येतोय, फायरमन माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. सुंद्राबाई नावाची एक बाळंतीण तान्ह्याला टोपल्यात घेऊन आली. तिच्या हंड्यात मिस्त्रींनी नळी जरा जास्त वेळ धरली. ती म्हणाली, "कालच्याला आलाच न्हाईत, दादा?" मिस्त्री म्हणाले, "काल सुट्टी हुती."

झालेला उशीर भरून काढायला मग इंजिन पळवावं लागलं, आणि पळवलेलं इंजिन जास्त खातं. मिस्त्रींनी शर्थ केली. उतारावर वाफ बंद करून नुसतं घरंगळत नेलं, चढावर चमच्या-चमच्यानं कोळसा टाकला. सातवी खेप कारखान्याच्या आवारात शिरली तेव्हा माझ्या वहीत तेवीस रेघा होत्या.

इंजिनातून खाली उतरल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं. "मिस्त्री, कोप्यांवरच्या दोन पाट्या तरी मी वजा करते. ते काही ऊस ओढणं नव्हतं. मी तसं लिहिते खाली."

"कोळसा तीन नंबरनंच जाळला न्हवं?"

"हो, पण…"

"मग लिवा. उभं ऱ्हाऊन जळलं तरी मोजायचं, हे सुभाषला कोन म्हनलं हुतं? मीच ना?"

"अहो, पण इंजिन जाईल!"

त्यांनी हात पुसले.  मग म्हणाले, "तेवीस लिवा, बाई."

मी तेवीस लिहिले. आजही मला त्याचा राग येतो. त्यांचा नाही, माझा.

आठवडाभरानं मला राहवलं नाही आणि मी सरनाईक साहेबांना सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "तुमचं म्हणणं कळतंय मला. पण पाणी तापवणं हे इंजिनाचं काम नाही. आणि ऑर्डर गेलीय." मिस्त्रींना हे कळलं तेव्हा ते माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत. सबब सांगितलेली त्यांना चालत नसे, आणि मी त्यांच्या नावानं सबब सांगून आले होते.

हंगाम संपल्यावर भंगारवाला आला. मिस्त्रींनी एकच मागणं केलं, की तीन नंबर ओढत न्यायचं नाही. स्वतः पेटवलं, स्वतः चालवत भंगाराच्या रुळावर नेलं. मी बघायला गेले होते. इंजिन उभं राहिलं तेव्हा भट्टीत विस्तव नावालाही उरला नव्हता. इतका मोजून कोळसा घातला होता. मिस्त्रींनी डगला खांद्यावर टाकला आणि चालू लागले. पुढं दोन वर्षं ते कारखान्यातच पंपांवर होते. मग निवृत्त होऊन गावी गेले. डिझेलबद्दल, साहेबांबद्दल, त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढला नाही. मला वाटायचं, आतून तुटलेत. वाईट वाटायचं.

त्यानंतर त्यांची एकदाच गाठ पडली. दहाएक वर्षं झाली असतील. पारनेरला नात्यातलं लग्न होतं, मी परत निघाले होते, आणि एसटी स्टँडवर समोर मिस्त्री! पंच्याहत्तरीच्या पुढचे, पण तसेच ताठ. हातात पिशवी, नातवाकडे नगरला निघालेले. मी इतकी खूश झाले की भर स्टँडवर त्यांच्या पाया पडले.

बोलता बोलता मी म्हटलं, "मिस्त्री, डिझेलचा भाव कुठं गेलाय बघा. आज मोजलं असतं तर तुम्हीच जिंकला असता."

"कोळसा बी म्हागलाय की. अर्धंच नका सांगू," म्हणाले. आणि तेवढ्यात त्यांचं लक्ष गेलं. नगरची गाडी फलाटाला उभी होती, ड्रायव्हर आत पेपर वाचत बसलेला, आणि इंजिन चालू. धडधड, धडधड. मिस्त्री तरातरा खिडकीशी गेले.

"आरं बंद कर की बाबा! उभ्या उभ्या पितंय ते!"

"आजोबा, बंद केली तर चालू व्हायची न्हाई. सेल्फ गेलाय."

"व्हती की चालू. कर बंद."

वडीलधाऱ्यांपुढं काय बोलणार, ड्रायव्हरनं बंद केली. दहा मिनिटांनी कंडक्टरनं घंटी दिली, आणि गाडी काही चालू होईना. खरंच होईना. पाऊण भरलेली गाडी सगळी खाली उतरली. "कोन शहाना हाय त्यो बंद करायला लावनारा?" एक जण ओरडला. "मीच की!" मिस्त्री म्हणाले, आणि पिशवी माझ्याकडे देऊन सगळ्यांच्या आधी मागं जाऊन धक्का मारायला उभे राहिले. मी नको नको म्हणत होते. कोण ऐकतंय!

दहा-बारा जण जोर लावू लागले. मिस्त्री मधोमध, टोपी मागं सरकलेली, चेहरा लालेलाल. गाडी इंच इंच हलू लागली. तेवढ्यात त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. तीन नंबर गेल्याबद्दल इतकी वर्षं या माणसाच्या तोंडून तक्रारीचा शब्द ऐकला नव्हता. पोट धरून हसत हसत ते ओरडले, "बाई! आमच्या तीन नंबरला दोनच मानसं लागत हुती वो!"

गाडीनं एक गचका दिला आणि ती सुरू झाली. पंधरा-वीस माणसं धावत सुटली. मी पिशवी घेऊन मागं पळाले, कशीबशी कंडक्टरच्या हातात दिली. दोघा पोरांनी मिस्त्रींना दंडाला धरून आत ओढून घेतलं. मी धुरात खोकत उभी होते, आणि आतून त्यांचं हसणं मला फाटकापर्यंत ऐकू येत होतं.